सुशीचे करकोचे, माझे किडे

नालीतले लाल किडे नीट धुवायला पुरे दोन दिवस लागतात. वरवर धुतले की ते लगेच स्वच्छ दिसतात, लालभडक, रेशमाच्या गुंड्यासारखे. पण त्यांच्या पोटात नालीचा गाळ असतो आणि तो वाहत्या पाण्याखाली ठेवून ठेवूनच बाहेर पडतो. तोवर ते माशांना घालायचे नसतात. माझ्या शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला लागणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवते आणि दुसऱ्या दिवशी परात हुंगून पाहते. वास आला तर मी जे बोलते ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलगा म्हणतो, "माय, एवढी काहून भडकते? किडेच तं हायत." त्याला मी कारण कधी सांगितलं नाही. आता लिहून ठेवते, कारण मागच्या महिन्यात माझी धाकटी बहीण सुशी, म्हणजे रिटायर्ड मुख्याध्यापिका सुशीलाताई, तिच्या नातीच्या वाढदिवसाला पन्नास माणसांसमोर म्हणाली, "लहानपणी आम्ही दोघी बहिणी करकोचे पाहायला जायचो." दोघी! मी हातातली प्लेट तशीच टेबलावर ठेवली आणि मनीषनगरहून ऑटो करून घरी आले. भाड्यावरून ऑटोवाल्याशी भांडले तेवढ्यानं थोडं बरं वाटलं.

नागपुरात आमचं घर नाल्याच्या वळणावर होतं. एक खोली, तिच्यापुढं कवेलूची पडवी आणि पडवीपुढं बाज टाकण्यापुरतं अंगण. माय पडवीत बसून विड्या वळायची. भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिच्या कात्रीचा कचकच आवाज. अजूनही कुठं कात्री चालली की मला भूक लागते, कारण तो आवाज थांबला की माय चूल पेटवायची. ज्वारीची भाकर, तुरीच्या डाळीचं वरण, कधी वांगं, कधी मिरचीचा ठेचा आणि वरून कच्चं तेल. तंबाखूची धूळ घरभर असायची. आम्हाला तिची सवय होती. सुशीला मात्र त्या धुळीनं खोकल्याची उबळ यायची, डोळे बाहेर यायचे, आणि माय कात्री टाकून तिची पाठ चोळत बसायची. शेवटी सुशीची बाज अंगणात आली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेली ही पोरगी सकाळ-संध्याकाळ बाजेवर उताणी पडून आभाळ पाहायची, आणि मी तिच्या बाजेखालून झाडू मारायची. रविवारी तिच्या ताटात एक उकडलेलं अंडं असायचं. एकदा मी विचारलं, "तिलेच काहून?" माय म्हणाली, "तिच्या छातीले लागते वं." मी म्हणाले, "मग मले छाती नाई का?" शेजारच्या बाया हसून लोळल्या आणि मायनं मला उलटण्यानं मारलं. अंडं मात्र सुशीनंच खाल्लं. अर्धं देऊ केलं होतं तिनं. अर्धं मला नको होतं.

बाबा एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. बेडूक आणून द्यायचे, बरण्या पुसायच्या, मुलांनी चिरफाड केलेलं आवरायचं. तिथं शिकवणाऱ्या एक बाई रामदासपेठेत राहायच्या. एकट्याच होत्या, सोबत एक स्वयंपाकीण. त्यांच्या व्हरांड्यात लोखंडी कडांच्या चार काचेच्या पेट्या होत्या, आणि त्यांतले मासे कलकत्त्याहून रेल्वेनं पत्र्याच्या डब्यांतून आलेले. माशांना जिवंत खाणं हवं म्हणून बाईंनी बाबांना विचारलं, बाबांनी मला नाल्यात उतरवलं, आणि माझा धंदा सुरू झाला. तेव्हा मी तेरा वर्षांची असेन. टोपलीनं गाळ काढायचा, बादलीत भरून वर फडकं बांधायचं आणि वाट पाहायची. आत जीव गुदमरला की किडे आपोआप वर येतात आणि एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा होतो. तो अलगद उचलायचा. नाल्याला वास होता, आणि शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली तयार नसायच्या. पण किड्यांचा गोळा हातात आला की मला वाटायचं, हे माझं आहे, हे दुसऱ्या कोणाला जमत नाही.

धुण्याचा मात्र घोळ होता. आमच्या वस्तीतला नळ सकाळी तासभर यायचा आणि त्या तासात माझी परात नळाखाली ठेवू द्यायला बाया काही वेड्या नव्हत्या. मग मी बाईंकडे गेले आणि माझा पहिला सौदा केला. म्हणाले, "बाई, तुमच्या बागेतला नळ थेंबथेंब गळते. त्याच्याखाली मी परात ठेवते. तुमचं पाणी तसंबी वाया जाऊन राहिलं." बाई म्हणाल्या, "नळ दुरुस्त करायला प्लंबर यायचाय उद्या." मी म्हणाले, "मग मासे काय खातीन?" बाई माझ्याकडं पाहतच राहिल्या आणि हसल्या. प्लंबर आला नाही. तेव्हापासून दर आठवड्याला मी नवे किडे नेऊन परातीत टाकायची, आधीच्या परातीतले धुतलेले माशांना घालायची, आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसून मासे कसे तुटून पडतात ते पाहायची. बाई आतून बाहेर आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "कौशल्या, हात धुतलेस का?" त्यात वाईट काही नव्हतं. घाण काम होतं, विचारणारच. पण वर्षभरात माझ्याशी त्यांचं दुसरं पहिलं वाक्य झालं नाही.

मग सुशी आली. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या आसपास मला ताप होता, डबा जड होता, म्हणून मायनं तिला सोबत पाठवलं. बाई वहीत काहीतरी लिहीत बसल्या होत्या. त्यांना पक्ष्यांचाही नाद होता. थंडी सुरू व्हायच्या आधी उत्तरेकडून करकोचे येतात, नागपूरवरून जातात, काही आसपासच्या तलावांवर उतरतात, आणि ते कोणत्या दिवशी आले हे बाई दरवर्षी टिपून ठेवायच्या. मला म्हणाल्या, "कौशल्या, यंदा करकोचे दिसले का गं तुला?" मी म्हणाले, "नाई जी." माझ्या मागून सुशीचा आवाज आला, "काल गेले जी. मिलचा भोंगा झाला त्याच्यानंतर. दोन रांगा होत्या. एक मोडली, मंग जुळली. मोठीत एकेचाळीस, लहानीत एकोणीस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कशावरून करकोचे? बगळे असतील."

"बगळे मुके जाते जी. हे बोलत जाते. गुळणी करता करता बोलल्यावानी."

बाई उठल्या, आत गेल्या आणि एक खुर्ची घेऊन बाहेर आल्या. स्वतः उचलून. "बस," म्हणाल्या. मी एक वर्ष त्या पायरीवर बसत होते. अंगात ताप होता, आणि मी पायरीवरच बसले.

हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही, पण तो आवाज मीही ऐकला होता. ते गेले त्या सकाळी मी नाल्यात होते. वरून गुळणीसारखं काहीतरी गेलं, कुर्र, कुर्र, मग पुन्हा कुर्र, आणि मला वाटलं कोणाच्या तरी रेंगीचं, छोट्या बैलगाडीचं, चाक वाजतंय. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत गाळात होते. वर पाहायला मान मोकळी कोणाची होती? जिला बाजेवर झोपवलं होतं तिची.

त्यानंतर सुशी दर वेळी माझ्यासोबत यायला लागली. खोकला तिचा बाईंच्या अंगणात कमी व्हायचा, असं माय म्हणायची. ती खुर्चीत बसायची, बाई तिच्या गळ्यात दुर्बीण अडकवायच्या, आणि दोघी आंब्याच्या झाडातला कोणतातरी पक्षी शोधत बसायच्या. मी परात हलवत राहायची. बाईंनी तिला पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक दिलं. बाईंनी तिला दुधात बोर्नव्हिटा दिला. मला चहा मिळायचा, नाही म्हणत नाही. एकदा बाई आत गेल्या असताना मी टेबलावरची ती वही उघडून पाहिली. एका पानावर लिहिलं होतं, "करकोचे. सुशीलाने पाहिले," आणि खाली अर्धं पान भरून तिनं सांगितलेलं सगळं. मी मागची पानं उलटली, पुढची उलटली. माझं नाव एका ठिकाणी सापडलं. "कौशल्या मंगळवारी येणार नाही." बस्स.

मग मीही वर पाहायला लागले. आठ दिवस मान दुखेपर्यंत पाहिलं. एका दुपारी खूप उंचावर गोल गोल फिरणारे मोठे पक्षी दिसले आणि मी डबा टाकून धावत रामदासपेठेत गेले. बाई घाईनं बाहेर आल्या, कपाळावर हात धरून पाहिलं, आणि हसून म्हणाल्या, "घारी आहेत गं त्या." सुशी तेव्हा तिथंच होती. ती हसली नाही, हे खरं आहे. ती हसली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी बाबा जेवायला बसले आणि भाकर मोडता मोडता म्हणाले, "बाईसाहेबाची मांगची खोली रिकामी झाली. आपली एक पोट्टी ठेवून घेतो म्हणे. जेवण, शाळा, सारं त्यायच्याकडे. पार मॅट्रिक होयेलोक."

मायची कात्री थांबली. "कोणती?"

"दिवाळीनंतर सांगतो म्हणे."

दोघांनी एकदा सुशीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. हा क्रम मी विसरलेले नाही. मी तेव्हा आठवीत होते, आणि ते माझं शेवटचं वर्ष हे घरात ठरलेलं होतं. पुढची फी बाबांना झेपणारी नव्हती आणि मायला विड्यांना दुसरे हात हवे होते. म्हणजे त्या मागच्या खोलीत जी जाईल ती शिकणार आणि जी राहील ती पडवीत सूप घेऊन बसणार. सुशीही हे समजून होती. पण ती आभाळच पाहत राहिली. मी मात्र त्या पावसाळ्यात जिवाचं रान केलं. बाईंच्या सगळ्यात मोठ्या पेटीत एंजल माशांची जोडी होती, चपटी, पट्ट्यापट्ट्यांची, पंख पदरासारखे सोडलेले. भादव्यात त्या जोडीनं एका पानावर अंडी घातली. पिल्लांना बारीक खाणं लागतं म्हणून मी डबक्या-डबक्यांतून मलमलच्या झोळीनं पाणपिसवा गाळून आणल्या, त्या उड्या मारणाऱ्या बारीक लालसर पिसवा, डोळ्यांना नीट दिसतही नाहीत. पिल्लं जगली. बाई पेटीपुढं गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "कौशल्या, तुझ्या हाताला गुण आहे." त्या दिवशी मी घरी धावत आले. चार दिवस मला वाटलं, खोली माझी.

पाचव्या दिवशी सुशीनं त्यांना सांगितलं की वारा फिरला आहे आणि यंदा करकोचे लवकर येतील. तसे ते आलेही. बाई तिला म्हणाल्या, "तुला पोटात घड्याळ आहे का गं?" आणि तिचा गालगुच्चा घेतला. माझा हात पेटीत होता. हाताला गुण होता तो.

दसऱ्याला आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. दीक्षाभूमीवर येणारी गावाकडची माणसं आमच्याकडे उतरायची. अंगणात गोणपाटं, पडवीत गाठोडी, पांढरी लुगडी वाळत घातलेली, एक म्हातारा सतत कोणालातरी तंबाखू मागणारा. दोन चुलींवर वरण आणि भाकरी, भाकरी, भाकरी. किड्यांचा दिवस नेमका त्याच सकाळी आला. मी पहाटेच नाल्यातून गोळा काढून डब्यात भरून ठेवला होता. माय म्हणाली, "तू गेली तं भाकरी कोण थापन? सुशी नेऊन देईन डबा."

सांगायचं एवढंच होतं की डब्यातले परातीत टाक आणि परातीतले माशांना घाल. बाई त्या दिवशी कॉलेजच्या कामासाठी बाहेरगावी गेल्या होत्या. स्वयंपाकीण माशांच्या वाटेला जात नसे. माझे हात पिठात होते. सुशी डबा उचलत होती, केस विंचरलेले, अंगात नवा फ्रॉक, आणि पाहुण्यांतली एक म्हातारी म्हणाली, "ही का बाईकडे जाणार हाय ती?" ही, म्हणे. कोणी सांगितलं होतं तिला? घरात बोलणं झालं असेल त्याशिवाय का ती बोलली?

मी सुशीला म्हणाले, "डब्यातलेच घाल. मोठ्या पेटीत. सारे. परातीतले राहू दे."

"धुतलेले हायत का?"

"मी देऊन राहिली न? मग?"

तिनं डब्याचं झाकण थोडं उघडलं, हुंगलं, माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेली. मला वाटलं होतं, पाणी गढूळ होईल, वास सुटेल, बाई तिच्यावर रागावतील. एवढंच. यापेक्षा जास्त मला नको होतं. माझ्या पिल्लांचं वाईट मी कसं इच्छीन? पण घाणीनं भरलेले किडे, आणि तेही इतके, माशांना संपणारच नव्हते. उरलेले वाळूत शिरले, मेले आणि सडले. तिसऱ्या दिवशी बाबा कॉलेजातून आले ते दारातच उभं राहून म्हणाले, "दोघीबी चला. बाईसाहेबाचे मासे मेले."

व्हरांड्यात बाई खाली बसल्या होत्या. मोठ्या पेटीतलं पाणी पेजेसारखं पांढरं झालं होतं. वर्तमानपत्रावर त्यांनी मासे ओळीनं मांडले होते, एंजलची जोडी बाजूला, आणि पिल्लं एका बशीत, कारण ती कागदावर दिसली नसती. बाई रडत नव्हत्या. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. "कोणी घातलं खाणं?" त्यांनी विचारलं. माझं उत्तर तयार होतं, तीन दिवस तयार होतं. मी तोंड उघडलं, पण त्याआधीच सुशी बोलली.

"मी घातलं जी. ताईनं सांगतलं होतं परातीतले घाल म्हणून. मीच उलटं केलं."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाबा म्हणाले, "तुले अक्कल नाई का, पोट्टे?" आणि हात उगारला. बाईंनी तो हात धरला. मग म्हणाल्या, "असू दे, भाऊ. खरं बोलली ती. एवढ्याशा मुलीला दुसऱ्यावर ढकलणं सोपं होतं." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

माझा गुन्हा होता तो. त्यात जे काही मिळायचं होतं, मार असो की शिव्या, ते माझं होतं. तो तिनं माझ्यासमोर उचलला, स्वतःच्या नावावर केला आणि त्याच्या बदल्यात बाईंचा हात मिळवला. मी आयुष्यभर सौदे केले. कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांना घाम फोडला आहे. पण असा सौदा करणारा मला दुसरा भेटला नाही. परत येताना मी तिला नाल्याच्या पुलावर थांबवलं. "काहून खोटं बोलली?"

"तू खरं बोलणार होती का?"

मी पुलाखालच्या गाळाकडं पाहिलं.

"मंग?" ती म्हणाली आणि खोकत पुढं चालायला लागली. डबा हुंगला तेव्हाच तिला कळलं होतं. तरी तिनं किडे पेटीत ओतले. का ओतले? मोठ्या बहिणीचं ऐकायचं म्हणून, की पुढचं सगळं तिला दिसत होतं म्हणून? मी हा हिशोब इतक्या वर्षांत शंभर वेळा मांडला आहे. कधी ती देवमाणूस निघते, कधी माझ्याहून पक्की.

दिवाळी झाल्यावर बाईंनी दोघींनाही तलावावर नेलं. उमरेड रोडनं एस.टी.नं जायचं, एका फाट्यावर उतरायचं आणि शेतांमधून चालायचं. बसमध्ये बाई आणि सुशी शेजारी, सुशीला खिडकी. मी मागच्या सीटवर, मांडीवर बादली आणि झोळी, कारण मला पाणपिसवा आणायच्या होत्या. नव्या माशांसाठी. उतरल्यावर बाईंनी सांगितलं की करकोचे सकाळी शेतात दाणे टिपतात आणि ऊन चढलं की पाणी प्यायला तलावावर येतात, तेव्हा अजिबात आवाज करायचा नाही. त्या दोघी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बेशरमाच्या झुडपामागं बसल्या. मी पलीकडं, म्हशी लोळतात त्या डबक्यात उतरले.

ते अकराच्या सुमाराला आले. आधी आवाज आला, तोच, आणि या वेळी मी वर पाहिलं. आभाळात बारीक काळी रेघ हलत होती. रेघ जवळ आली, तिचे तुकडे झाले, आणि मग ते पाय खाली सोडून, पंख वाकवून, तरंगत तरंगत उतरायला लागले, एकामागून एक, माझ्यापासून एका शेताच्या अंतरावर. राखाडी अंग, काळी मान, आणि डोळ्यामागं पांढऱ्या पिसांचा झुबका, म्हाताऱ्या माणसाच्या कानावरच्या केसांसारखा. पाण्याच्या काठानं ते इतक्या जपून पावलं टाकत होते की जणू लुगडं ओलं होईल. त्यांचाही मला हेवा वाटला. एवढ्या लांबून आले आणि त्यांच्या पायांना चिखल नव्हता. मी नाल्यापासून तलावापर्यंत आले होते आणि मांडीपर्यंत चिखलातच होते.

मी पाळीकडं पाहिलं. बाईंनी दुर्बीण सुशीच्या डोळ्यांना लावून धरली होती आणि दुसरा हात तिच्या खांद्याभोवती टाकला होता. दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. सुशी काहीतरी कुजबुजली आणि बाई तोंडावर पदर धरून हसल्या.

माझं डोकं फिरलं. लहानपणापासून फिरतं, आजही फिरतं. मी झोळी फेकली आणि डबक्यात उभी राहून ओरडले, "ते किडे म्या देल्ले होते! मुद्दाम देल्ले होते! सुशी खोटी बोलली! मासे म्या मारले, म्या!"

सगळा तलाव उडाला. दीड-दोनशे पंख एकदम फडफडले, तो कुर्र-कुर्र आवाज कानात मावेना. बाई ताडकन उभ्या राहिल्या आणि किंचाळल्या, "ओरडू नकोस गं! उडाले ना सगळे!" आणि लगेच सुशीकडं वळून, "मोज, सुशीला, मोज लवकर!" सुशी माझ्याकडं पाहत होती. मग तिनं मान वर केली आणि बोट नाचवत मोजायला लागली. "सत्त्याऐंशी," ती म्हणाली. बाईंनी वहीत लिहिलं.

बसमध्ये बाई मला एवढंच म्हणाल्या, "तलावावर ओरडायचं नसतं, कौशल्या." मला वाटलं, फडफडाटात त्यांना माझे शब्द कळले नसतील. तेव्हा मी पुन्हा सांगू शकले असते. सांगितलं नाही. एकदा देऊन झालं होतं, आणि तीच वस्तू फुकटात दोनदा मी कोणाला देत नाही. फाट्यापासून नागपूरपर्यंत निम्म्या वाटेत बाईंनी सांगितलं की सोमवारपासून सुशीला त्यांच्याकडे राहील.

सोमवारी तिची पत्र्याची पेटी मीच डोक्यावर घेऊन गेले. मायनं तिला दोन फ्रॉक, एक चादर आणि डब्यात भाजलेले शेंगदाणे दिले होते. खोलीत पेटी ठेवली. खोलीला खिडकी होती, खिडकीत पडदा होता. मी सरळ व्हरांड्यात बाईंपुढं गेले. मोठी पेटी तशीच रिकामी पडली होती, तिच्यात पुन्हा मासे ठेवायला बाईंचं मन होत नव्हतं. मी म्हणाले, "ही मले द्या."

"तुला कशाला गं?"

"मासे ठेवीन. नाल्यात गप्पी हायत, लागन तेवढे. वाढवीन अन् इकीन."

बाईंनी रिकाम्या पेटीच्या काचेवरून हात फिरवला. "ने," म्हणाल्या. "अशीच ने."

"अशीच नाई. होळीलोक किडे आणून देईन. धुतलेले." फुकट घेतली असती तर ती बाईंची पेटी राहिली असती. मला माझी हवी होती. बाई म्हणाल्या, "संक्रांतीपर्यंत पुरे." मी होळीवर अडून राहिले. माल घेणाऱ्यानंच भाव चढवला असा माझ्या आयुष्यातला तो एकच सौदा.

चुंबळीवर पेटी घेतली. लोखंडी कडा, जाड काच, मान खांद्यात रुतली. फाटकाशी सुशी उभी होती. बाईंच्या घरची रिबीन तिच्या वेणीत आधीच आली होती. मी तिच्याकडं न पाहता निघाले तर तिनं माझ्या झंपरचं टोक धरलं.

"ताई, बाईनं ऐकलं होतं. तलावावर तू बोलली ते. मले विचारलं त्याईनं. मी खरं सांगून देल्लं."

"मंग?"

"मंग काई नाई. ठेवून घेतलं." तिनं झंपरचं टोक सोडलं नाही. "तू मनाले लावून नको घेऊ. तू काई केलं नसतं न, तरी त्याईनं मलेच घेतलं असतं."

ती हे मला टोचायला बोलत नव्हती. माझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून बोलत होती, आणि ते मला त्याच क्षणी कळलं. माझे दोन्ही हात डोक्यावरच्या पेटीला होते. त्यातला एक जरी मोकळा असता, तरी मी तिथंच तिच्या थोबाडीत दिली असती.